नाकाडेंचं नाक

सिनेमाचा पहिला भाग नवराबायकोने लग्नानंतर थिएटरात पाहिला होता, शिट्ट्यांच्या गोंगाटात. दुसरा भाग यायला बारा वर्षं लागली. रविवारी दुपारी पडदे ओढून, खिडक्या लावून लेकीसह तिघं टीव्हीसमोर बसली आणि अर्ध्या तासातच कळून चुकलं, की ही शिळ्या कढीला ऊत आणायची गत आहे. नायकाचं पोट सुटलेलं, केस उसने, आणि पहिल्या भागात मेलेला खलनायक कुणाला काही न सांगता परत आलेला. वर दर दहा मिनिटांनी एक स्फोट.

"पळतोय बघा कसा, बस चुकल्यासारखा," बायको नाक पुसत म्हणाली. सर्दीने तिचा आवाज बसला होता.

नाकाडे हसले नाहीत. नाकाडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वीस वर्षं घरोघर गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात, गळती दारातूनच ओळखतात, म्हणून कचेरीतल्या लोकांनी हौसेने ठेवलेलं नाव. आणि नशीब बघा, दोन महिन्यांपूर्वी ताप आला तो जाताना वास घेऊन गेला. फिनेल, जळका रबर, कशाचाच वास येईना. सांगणार कुणाला? गॅसवाल्याचं नाक गेलं म्हटल्यावर नोकरी राहते का? आज येईल, उद्या येईल म्हणत त्यांनी घरातसुद्धा ब्र काढला नाही. जिथे तिथे साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडे येतात का बघायचं. भागत होतं.

काल मात्र घात झाला. दिवसाचं शेवटचं घर आणि साबणाची बाटली रिकामी. शिवणकाम करणारी एकटी बाई म्हणाली, "अधूनमधून वास येतो हो." नाकाडेंनी शेगडीशी वाकून दोनदा हुंगल्यासारखं केलं आणि ऐटीत सांगितलं, "काही नाही. भास आहे तुमचा." बाईने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

पडद्यावर गोदाम उडालं, त्यांना त्या बाईची खोली दिसली. पूल उडाला, पुन्हा तीच खोली. फोन करावा तर काय सांगावं? काल खोटं बोललो म्हणून? उद्या सकाळी आधी तिथेच जाऊ, असं त्यांनी ठरवलं. पण उद्यापर्यंत ती स्वयंपाक करणार, हेही त्यांना कळत होतं.

शेजारी दहा वर्षांची लेक चादर नाकावर ओढून बसली होती.

"घाबरलीस की काय?"

"ह्याला कोण घाबरतंय," ती चादरीतूनच म्हणाली.

नाकाडेंना बसवेना. चहा टाकतो म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. पडद्यांमुळे अंधुक होतं, पण पायाखालचं घर, दिवा कशाला लावायचा? पातेल्यात पाणी घेतलं, कट्ट्यावरचा लायटर उचलला, आणि पायाला काहीतरी चिकट लागलं. खाली बघितलं तर दूध. कट्ट्यावरून ओघळ आलेला. दुसऱ्या बाजूच्या पातेल्यातलं दूध उतू जाऊन शेगडी भिजली होती. शेगडीचं बटण चालूच होतं. जाळ नव्हता.

बोट लायटरवर होतं. झोपलेलं मूल ठेवावं तसा त्यांनी लायटर खाली ठेवला. शेगडीचं बटण बंद केलं, सिलिंडर बंद केला, खिडकी उघडली. मग बाहेरच्या खोलीत येऊन हळू आवाजात म्हणाले, "उठा. कशालाही हात लावू नका. टीव्हीलाही नाही. जिन्यावर चला."

जिन्यावर बायको म्हणाली, "दूध मीच ठेवलं होतं हो. विसरले. आणि ह्या मेल्या सर्दीत काही कळलं नाही."

"मला मघापासून वास येत होता," लेक म्हणाली.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"बाबा होते ना. खरंच काही असतं तर त्यांना आधी कळलं असतं."

नाकाडे पायरीवर बसले. उघड्या दारातून सिनेमातले स्फोट ऐकू येत होते, बंद करायला आत कुणी जाणार नव्हतं. "मला वास येत नाही," ते म्हणाले. "दोन महिने झाले."

बायकोने विचारलं, "आणि कामावर कसं चालतं?"

खिशातून फोन काढत ते जिना उतरून रस्त्यावर गेले, मायलेकी मागोमाग. कालचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली. सहा वेळा, सात वेळा. मग शिवणयंत्राची खडखड ऐकू आली आणि थांबली.

"बोला."

"ताई, मी कालचा गॅसवाला. शेगडी पेटवू नका. दिव्याच्या बटणाला हात लावू नका. दार उघडा टाकून बाहेर या, मी निघालोय."

"अहो, पण माझा भास आहे म्हणालात ना?"

बायको ऐकत होती, लेक ऐकत होती.

"मला वास येत नाही हो, ताई," ते म्हणाले. "कालही येत नव्हता."