सबनिसांचा चिकू

आर. के. पुरममध्ये तळमजल्यावर राहणाऱ्या राजाभाऊ सबनिसांच्या अंगणात चिकूचं झाड होतं आणि ते जगलं होतं. एवढाच त्यांचा गुन्हा. घोलवडहून मांडीवर धरून आणलेलं कलम. दिल्लीच्या ज्या जानेवारीत माणसं रजईबाहेर नाक काढत नाहीत आणि उन्हाळ्यातल्या ज्या लूच्या झळांमध्ये कडुनिंबसुद्धा तोंड पाडून उभा असतो, तिथे हे झाड खुशाल फळत होतं. दर मे महिन्यात सेक्टरातल्या प्रत्येक मराठी घरी वाडगाभर चिकू पोचत.

त्यांच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, दत्तात्रय हुपरीकर राहत. दोघेही एकाच मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. हुपरीकरांनी बाल्कनीत पिंपात नारळ लावून पाहिला. तो जानेवारीत गेला. मग केळ लावली. ती लूने नेली. शेवटी त्यांनी गवती चहा लावला. तो मारायला माणसाला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात. हुपरीकरांना ते घ्यावे लागले नाहीत.

"राजाभाऊंचा हातच तसा आहे," त्यांची पत्नी सुनीती चिकू सोलता सोलता म्हणाली.

"जमीन आहे त्यांच्याकडे. हात कसला?"

"पिंपात काय, फरशी होती?"

अठ्ठ्याहत्तर साली राजाभाऊ निवृत्त होऊन साताऱ्याला जाणार असं कळलं आणि हुपरीकरांनी त्यांच्या क्वार्टरसाठी अर्ज टाकला. कारण : गुडघा. अर्जाला वजन यावं म्हणून ते ऑफिसात पाच महिने लंगडले. पाचव्या महिन्यात क्वार्टर मिळालं आणि गुडघा खरोखरच दुखू लागला.

"हवा, उजेड, बाल्कनी, सगळं सोडून खाली जायचं?" सुनीती म्हणाली. "चिकूसाठी?"

"गुडघ्यासाठी."

"अच्छा. मग चिकू लागले की गुडघ्यालाच भरवते."

राजाभाऊंना मात्र मनापासून आनंद झाला. "तुम्ही आलात, बरं झालं, दत्तोपंत. कुणी परका आला असता तर माझा जीव टांगणीला लागला असता." जाताना त्यांनी थंडीत गोणपाट कसं बांधायचं, पाणी केव्हा द्यायचं, हे सगळं एका कागदावर लिहून दिलं. हुपरीकरांनी त्याबरहुकूम केलं. स्वतःची अक्कल कुठेही वापरली नाही. पुढच्या मेमध्ये झाड असं लगडलं की फांद्यांना टेकू द्यावे लागले.

सुनीती वाडगे घेऊन निघाली. कौतुक घरपोच आलं तर आपण हजर असावं म्हणून हुपरीकर दारात खुर्ची टाकून बसले. पहिले आले समोरच्या ब्लॉकमधले अण्णासाहेब.

"राजाभाऊंचे चिकू मिळाले बरं का. तीच गोडी. माणूस गेला, पण हात मागे ठेवून गेला."

"साताऱ्यात आहेत ते. ठणठणीत."

"तेच म्हणतोय मी."

सोळा घरी सोळा वाडगे गेले आणि सोळाही वाडग्यांतून राजाभाऊच परत आले.

आता एकच आशा उरली होती. हुपरीकरांच्या जुन्या क्वार्टरमध्ये पद्मजा नाडकर्णी नुकतीच नागपूरहून राहायला आली होती. राजाभाऊंना तिने कधी पाहिलं नव्हतं. हुपरीकर सगळ्यांत मोठा वाडगा घेऊन, गुडघ्यासकट, जिना चढले.

"बिल्कुल साखर आहे, काका," पद्मजा म्हणाली. हुपरीकरांचा गुडघा दुखायचा थांबला. "पण हे राजाभाऊ कोण हो? जो तो त्यांचंच नाव घेतो."

हुपरीकरांनी आयुष्यात खोटं फक्त प्रवासभत्त्याच्या बिलात आणि क्वार्टरच्या अर्जात लिहिलं होतं. "राजाभाऊ ना," ते म्हणाले, "आमच्या बागेचं बघायचे."

"म्हणजे माळी?"

"तसंच काहीसं."

हे समाधान सात महिने टिकलं. डिसेंबरात राजाभाऊ भाचीच्या लग्नाला दिल्लीत आले आणि साहजिकच हुपरीकरांकडे उतरले. बॅग खाली ठेवून ते आधी झाडापाशी गेले, गोणपाट सारखं करू लागले. तेवढ्यात वरून पद्मजा वाकली.

"काका, हेच का तुमचे माळी? राजाभाऊ?"

राजाभाऊंनी हुपरीकरांकडे पाहिलं. हुपरीकरांनी झाडाकडे पाहिलं.

"हो, मीच तो," राजाभाऊ म्हणाले. "बोला बाई."

"मग जरा वर येता का? माझ्या कुंड्या सगळ्या गेल्यात हो थंडीने."

राजाभाऊ वर गेले ते तासभर. वरून खुरप्याचा आवाज आला, मग कपबशांचा, मग हसण्याचा. खाली हुपरीकर माफी जुळवत बसले. ऑफिसच्या सवयीने त्यांनी मनात दोन मसुदे केले. राजाभाऊ उतरले तेव्हा त्यांच्या अंगात मरून रंगाचा स्वेटर होता.

"तिच्या नवऱ्याचा आहे. म्हणाली, थंडीत काम करता, ठेवा तुम्हाला." त्यांनी बाही कुरवाळली. "अडतीस वर्षं फायली उपसल्या, दत्तोपंत. कामावर खूश होऊन कुणी अंगावर काही घातलं नव्हतं. हे केवळ तुमच्यामुळे."

दोन्ही मसुदे फुकट गेले. हुपरीकरांनी स्वेटर निरखून पाहिला. लोकर जाड होती, कोपरं शाबूत होती आणि माप, बघितलं तर, राजाभाऊंपेक्षा हुपरीकरांचंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीती चहा घेऊन बाहेर आली. समोरचा ब्लॉक धुक्यात दिसत नव्हता आणि हुपरीकर नुसत्या सदऱ्यावर, हातात खुरपं घेऊन, झाडाखाली कुडकुडत उभे होते.

"अहो, काय हे? स्वेटर घाला आधी."

"थांब जरा," हुपरीकर वर बाल्कनीकडे बघत म्हणाले. "तिला उठू दे."