बोलक्या बरण्या

गुंडीचं खरं नाव शाळेच्या पटावर होतं आणि तिथेच राहिलं. आत्याच्या शिवणाच्या दुकानात ती पहिल्यापासून गुंडीच. आई नाही, बाप ट्रकवर, म्हणून चार वर्षांची असताना आत्यानं तिला आपल्याकडे आणलं. चालायची दुडदुडत, पण रंग तिला अचूक कळायचे. आता ती आठ वर्षांची झाली होती.

दुकानाच्या भिंतीला एक लांब फळी होती आणि तीवर काचेच्या चौदा बरण्या. एकेका बरणीत एकेका रंगाची रिळं आणि त्याच दोऱ्यानं भरून ठेवलेल्या बॉबिनी. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी चिकटवलेली, आत्याच्या नवऱ्याच्या हातची. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. आत्याला अक्षरओळख नव्हती, पण बरण्या पुसताना त्या चिठ्ठ्यांवरून फडकं ती हलक्या हातानं फिरवायची.

काम ठरलेलं. आत्या मान वर न करता रंगाचं नाव घ्यायची, गुंडी त्या रंगाची बॉबिन तिच्या तळहातावर ठेवायची आणि आत्या ती न बघताच मशीनच्या पोटात बसवायची. चार वर्षांत एकदाही चूक नाही. शाळेत मात्र उजेडच होता. पालथ्या घड्यावर पाणी, असं बाईंनी गेल्या साली तोंडावर सांगितलं होतं. आत्याला त्याचं फार वाटलं नाही. अक्षरशत्रूंचंही पोट भरतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

आणि यंदा, शाळेच्या गणवेशांचं काम ऐन रंगात असताना, हिरव्या खिशांना खालून लाल टीप आली. एक नाही, सहा खिसे. आत्यानं उसवले आणि हसून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी निळ्याच्या जागी पिवळी बॉबिन आली. तिसऱ्या दिवशी गुंडी फळीपुढे नुसतीच उभी राहिली. हात एका बरणीकडे जाई, थबके, दुसरीकडे वळे. रंग विचारले तर धडाधड सांगायची. मग हात का चुकतो? आत्या पार बुचकळ्यात पडली.

आधी तिला वाटलं, पोरगी वांडपणा करते. मग वाटलं, झोप पुरत नसेल. आणि एका दुपारी कात्री हातात तशीच राहिली आणि तिला आपला बाप आठवला. चाळिशीत आंधळा झाला होता तो. त्याची सुरुवातही रंगांपासूनच झाली होती. घराण्याचे डोळे पोरीत उतरले की काय? आत्याची पाचावर धारण बसली. दुकानाला कुलूप घालून तिनं गुंडीला कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे ओढत नेलं.

चष्मेवाल्यानं गेल्या साली शाळेतल्या तपासणीत गुंडीला चित्रांचा तक्ता दाखवला होता, कारण तिला अक्षरं येत नव्हती. आज त्यानं चुकून अक्षरांचाच लावला. गुंडीनं तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि तळाशी मुंगीएवढं छापलेलं छापखान्याचं नावही वाचून टाकलं. मग त्यानं रंगीत चकत्या दाखवल्या. एकही चुकली नाही. डोळे ठणठणीत आहेत, काळजीचं काही नाही, असं सांगून त्यानं दोघींना वाटेला लावलं.

आत्याच्या डोक्यातला गुंता मात्र वाढला. डोळे शाबूत, रंग पाठ, आणि वर ही वाचते कधीपासून? रस्त्यात विचारलं तर गुंडी म्हणाली, नव्या बाई दुकानांच्या पाट्या वाचायला लावतात, त्यातून येऊन गेलं. सांगितलं नाही, कारण आधी वाचता येत नव्हतं तेव्हा सगळे हसले होते. आत्याला हे लागलं. हसणाऱ्यांत तीही होती.

दुकानात येताच तिनं गुंडीला फळीपुढे उभं केलं आणि हिरवा मागितला. गुंडीचा हात गेला, थबकला, आणि तिचे डोळे भरून आले.

"आत्या, ह्या बरण्या खोटं बोलतात."

"बरणी कुठे बोलते गं?"

"बोलते. आधी नव्हती बोलत. ह्या बरणीत लाल आहे, पण ती हिरवा म्हणते. मला दोन्ही एकदम ऐकू येतं. मी गप्प बस म्हटलं तरी ती बोलतेच."

आत्या मटकन स्टुलावर बसली. नवरा गेल्यावर तिनं बरण्या धुतल्या होत्या आणि जी हाताला लागली तीत जो दोरा आला तो भरला होता. अकरा वर्षं ती त्याच्या अक्षरांवरून मायेनं फडकं फिरवत होती आणि अकरा वर्षं तो लालाला हिरवा म्हणत होता. गिऱ्हाइकांनी वाचलं असणारच. कुणी ब्र काढला नव्हता. तिला लाज वाटली, हसू आलं, आणि पोरीचे डोळे वाचले म्हणून रडूही आलं. यातलं नेमकं कशाचं पाणी गालावर होतं ते तिलाच कळेना.

चिठ्ठ्या खरवडायला तिचं मन धजेना. मग दोघींनी चौदा बरण्या जमिनीवर रित्या केल्या. गुंडी चिठ्ठी वाचायची, आत्या तो रंग आत भरायची. संध्याकाळपर्यंत चौदाही बरण्या खरं बोलायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी गुंडी शाळेत असताना आत्यानं उशीचे पांढरे अभ्रे शिवायला घेतले. नजर कापडावर, हात सवयीनं मागे फळीवर, जुन्या जागी. शाळेतून आल्यावर गुंडीनं एक अभ्रा उलटा करून पाहिला. खालून काळी कुळकुळीत टीप.

"आत्या, चष्मेवाल्याकडे जायचं का?"

आत्यानं तिच्या पाठीत लटकाच धपाटा घातला. मग उठून तिनं फळीवरून ती बरणी काढली आणि मांडीवर घेतली. चिठ्ठी तिच्यासाठी अजून मुकीच होती.

"ही काय म्हणते, ते दाखव मला," ती म्हणाली. "बोट ठेवून दाखव. सावकाश."

गुंडीनं तिचं बोट धरून पहिल्या अक्षराखाली ठेवलं.