कपाटामागचा रंग

“शी!” मी म्हटलं. “हा काय रंग आहे? तापातल्या माणसाच्या जिभेवर असला थर येतो.”

सुनेच्या हातात रंगाच्या दुकानातलं कार्ड होतं, पत्त्यांच्या डावासारखं पसरायचं. त्यातल्या एका चौकोनावर तिनं बोट ठेवलं होतं. तो चौकोन ना धड हिरवा, ना धड राखाडी. डबकं आटत आलं की कडेला जे चिकटून राहतं ना, तसला. खाली त्याचं नावही छापलेलं होतं, एखाद्या राजकन्येला शोभेल एवढं लांबलचक.

“आई, हल्ली सगळीकडे हाच चाललाय,” सून म्हणाली. “डोळ्यांना किती शांत वाटतो बघा.”

“शांत तर मेलेलं माणूसही दिसतं.”

लेकाला हसू आलं. बायकोनं बघितलं तसं त्यानं ते गिळलं. दोन्हीकडे मान डोलवायची कला आहे त्याच्याकडे, ऑफिसात त्याच कलेवर दोनदा बढती मिळवली त्यानं. “आई, हॉल आणि आमच्या खोलीला हा देऊ,” तो म्हणाला. “तुझ्या खोलीला तू म्हणशील तो.”

“पिवळा,” मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. “लख्ख पिवळा. अंड्यातल्या बलकासारखा.”

आता सुनेचा चेहरा बघण्यासारखा झाला. “पण आई, हॉलमधून तुमच्या खोलीची भिंत दिसते ना. सगळीकडे एकच रंग असला की घर मोठं वाटतं. पिवळा मध्येच ओरडेल.”

“ओरडू दे. मीही ओरडते. आम्हा दोघांचं जमेल.”

सून वाईट नाही माझी. फक्त तिला वाटतं की छापलेलं असलं म्हणजे खरं असतं. मला वाचायला येतं ते दुकानाच्या पाट्यांपुरतं, म्हणून मी कार्ड नाही बघत, रंग बघते. आणि हा रंग मी ओळखत होते. त्याच्यापायी माझं निम्मं आयुष्य नासलं होतं.

माझा नवरा रंगारी होता. ठेकेदाराच्या हाताखाली शाळा, दवाखाने, कचेऱ्या रंगवायचा. काम संपलं की डब्यांतून थोडाथोडा रंग उरतो. बाकीचे रंगारी काय करायचे, तर अर्धा भरलेला डबा चिंध्यांत गुंडाळून पोत्यात घालायचे आणि अंधार पडला की घरी. आमच्या शेजारीच एक होता, यांच्याच जोडीला काम करणारा. शाळेचं काम झालं आणि त्याचं घर आतून गुलाबी झालं. त्याच्या बायकोला मी तेव्हापासून गुलाबीण म्हणायचे. तोंडावर नाही. तोंडावर म्हणायचे, “वहिनी, काय झक्क दिसतंय हो घर!” आणि घरी येऊन भांडी आपटायचे.

आमचे हे तसले नव्हते. हे सगळे रिकामे डबे उलटे करायचे, पट्टीनं कडा खरवडायचे, आणि जे काही निघेल ते एकाच डब्यात ओतायचे. शाळेचा गुलाबी त्यात, दवाखान्याचा हिरवा त्यात, कचेरीचा पिवळा त्यात, चुन्याचा गाळही त्यातच. मग तो डबा हातात लटकवून भर दिवसा, ठेकेदाराच्या समोरून घरी. काठीनं ढवळला की जे तयार व्हायचं ते दर खेपेला तेच. कधी जरा हिरव्याकडे झुकलेलं, कधी जरा राखाडीकडे, पण बेणं तेच. ते आमच्या भिंतींना लागायचं. त्या भिंतींना पाठ टेकली की कपड्यांना भुकटी लागायची, म्हणून पोरगासुद्धा शाळेत जाताना पाठीवर तो रंग घेऊन जायचा.

माझी धाकटी बहीण एकदा राहायला आली. जेवताना इकडेतिकडे बघून म्हणाली, “ताई, तुझ्या घरात बसलं की विहिरीत उतरल्यासारखं वाटतं गं.” मी हसले. ती गेल्यावर मात्र यांची धडगत नव्हती.

“अहो, सगळं घर नको. एक भिंत. एकच भिंत मला पिवळी करून द्या.”

“पिवळा उरला तर देतो.”

“उरतो की! शेजारी बरा उरतो!”

“त्याच्याकडे उरतो,” हे म्हणायचे. “माझ्या डब्यात नाही उरत.” झालं. एवढं बोलून माणूस विडी पेटवून दारात बसायचा. भांडायलासुद्धा मजा नाही यायची.

एकदा ठेकेदार स्वतः वस्तीत आला, माणसं जमवायला. आधी गुलाबिणीच्या दारात उभा राहिला. आत डोकावून म्हणाला, “वा! शाळेपेक्षा इथंच जास्त खुलून दिसतोय!” हसत हसतच म्हणाला, पण त्यानंतर तिच्या नवऱ्याला त्याच्याकडून कामाचा निरोप आला नाही. मग आमच्याकडे पाणी प्यायला बसला. चारी भिंतींवरून डोळे फिरवले, अगदी कोपऱ्यासकट. “हा रे कुठला रंग?”

“सगळीकडचा,” हे म्हणाले.

ठेकेदार पाणी पिता पिता थांबला. मग मोठ्यानं हसला आणि पुढच्या कामाला गुदामाची किल्ली यांच्या हातात दिली. वस्तीत दोन दिवस तेच बोलणं. बायका मला म्हणाल्या, “नशीबवान आहात.” मला काय कळणार नशीब? मला एवढंच दिसत होतं की गुलाबीण अजून गुलाबी घरात बसते आणि मी डबक्यात. भिंतीकडे बघून पोट बिघडू शकतं, हे मला विचारा.

हे गेले, छातीत खोकला साचून. लेक कमावता झाल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर सगळं घर पांढरं करून घेतलं. पुढे त्यानं मागे-पुढे खोल्या वाढवल्या, फरशी घातली. जुनी खोली तेवढी माझी राहिली. पांढऱ्या घरात मी सुखानं श्वास घेतला. आणि आता ही दोघं पैसे मोजून, कार्ड बघून, दुकानातल्या मशीनवर ढवळून घेऊन काय आणणार होती, तर तेच! पण हा रंग मला का नको, हे मी बोलले नाही. माझ्या दारिद्र्याची गोष्ट सांगून सुनेकडून च्‌च्‌ करून घेण्यापेक्षा खडूस म्हणवून घेतलेलं परवडलं.

रंगारी आला तो बडबड्या. आल्या आल्या मला मावशी करून टाकलं. माझ्या खोलीतलं लाकडी कपाट बघून म्हणाला, “मावशी, हे हलवावं लागेल. मागची भिंत तपासायला पाहिजे.”

“मागच्या वेळी कुणी नव्हतं हलवलं.”

“म्हंजे कपाटाच्या कडेनं ब्रश फिरवून गेले असतील. आळशी लोक.”

लेकानं आणि त्यानं मिळून कपाट ओढलं. मागे जाळी, वाळलेली झुरळं, आणि भिंतीवर कपाटाच्या मापाचा एक मोठा उभा चौकोन. चारी बाजूंनी पांढरं आणि मध्ये ते. मी ओळखलं. मेला इतकी वर्षं माझ्या कपड्यांमागे दडून बसला होता!

“ई, ओल आली वाटतं,” सून म्हणाली.

रंगाऱ्यानं नखानं खरवडलं. “ओल नाही, ताई. जुना रंग आहे.”

मी पदर खोचून जाळी झाडायला घेतली. सुनेनं मात्र अजून आशा सोडली नव्हती. तिनं लाडीगोडी सुरू केली. “आई, एवढी भिंत उघडी आहेच, तर इथं आपला रंग नुसता एक हात मारून बघूया ना. नाही आवडला तर पिवळाच. शप्पथ.”

“मार बाबा,” मी रंगाऱ्याला म्हटलं. “एकदाची हिची हौस फिटू दे.”

त्यानं नव्या डब्यात ब्रश बुडवून त्या जुन्या चौकोनाच्या मधोमध वहीच्या पानाएवढा पट्टा ओढला. ओला असताना तो गडद, चकचकीत दिसत होता, शेंबडासारखा. मी तोंड फिरवलं. “वाळू द्या,” तो म्हणाला. “खरा रंग वाळल्यावर कळतो.”

जेवणं झाली. सून मला हाताला धरून खोलीत घेऊन आली. “आता बघा हं, मन मोठं करून.” आणि मग तिचीच नजर भिंतीवर वरखाली व्हायला लागली. “भाऊ, कुठे लावला होतात?”

“हे काय, इथंच की.” रंगारी पुढे झाला. मग मागे झाला. मग वाकून तिरक्या नजरेनं बघायला लागला. “इथंच मारला होता! मावशी, पुसलात का काय तुम्ही?”

“मला तेवढाच धंदा आहे होय?”

लेकानं दिवा लावला, मोबाइलचा उजेड पाडला. सुनेनं धावत जाऊन कार्ड आणलं आणि भिंतीला लावून धरलं. कार्डावरचा चौकोनही नाहीसा झाला. त्याचं छापलेलं नाव तेवढं अधांतरी लटकत राहिलं.

मग लेक भिंतीजवळ गेला आणि लहानपणी उभा राहायचा तसा पाठ टेकवून उभा राहिला. बाजूला होऊन त्यानं शर्ट मागून ओढून बघितला. भुकटी लागली होती.

“आई,” तो म्हणाला, “हा बाबांचा रंग.”

“अय्या, खरंच?” सुनेचे डोळे मोठे झाले. “बाबांची चॉइस इतकी छान होती?”

“चॉइस!” माझा इतका वेळ धरून ठेवलेला बांध फुटला. “चॉइस कसली डोंबलाची? डब्याच्या तळाची खरवड होती ती! दुनियेनं वापरून टाकलेल्या रंगाचं धुवण! त्यात मी संसार केला, त्यात हा वाढला. माझ्या बहिणीनं नाक मुरडलं, शेजारणी गुलाबी घरात बसून मला हसल्या. आणि तू मला तेच आणून दाखवतेस, वर नाव सांगतेस त्याचं?”

सुनेच्या हातातलं कार्ड खाली आलं. रंगारी ब्रशाचे केस मोजायला लागला. मला वाटलं, आता रडणार ही. पण रडली नाही. हळूच म्हणाली, “मला माहीत नव्हतं, आई. तुम्हाला त्रास होणार असेल तर कुठेच नको. दुसरा आणू.”

आता सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. एक शब्द टाकला असता तर त्या रंगाला मी त्या दिवशी घराबाहेर काढलं असतं, कायमचं. तोंडावर आलाही होता तो शब्द. पण माझी नजर त्या चौकोनावर होती. कडेनं पांढरा रंग किती ठिकाणी फुगला होता, पोपडे धरून लोंबत होता. आणि मधला तो, दुनियेचं धुवण, जसा लावला तसा बसलेला. एकाही जागी सुटला नव्हता.

“बाहेर लावा,” मी म्हटलं. “तुमचं घर आहे, तुम्ही त्यात राहायचंय. माझ्या खोलीला पिवळा.”

दुसऱ्या दिवशी पिवळा आला. रंगाऱ्यानं तीन भिंती उरकल्या. मी खुर्ची टाकून दारात बसले होते. खरं सांगायचं तर खोली कावीळ झाल्यासारखी दिसत होती. डोळ्यांत खुपत होता तो रंग. पण इतकी वर्षं मागितलेलं मिळाल्यावर तोंड वाकडं करायला मी काही खुळी नाही. “झक्क!” मी सुनेला ऐकू जाईल असं म्हटलं.

चौथ्या भिंतीचा वरचा भाग झाला, कडा झाल्या, आणि रंगाऱ्यानं रोलर त्या चौकोनाकडे नेला.

“तिथं नको,” मी म्हटलं.

“अहो मावशी, आता कपाट हललंय तर मारून टाकतो की. रंग पुष्कळ उरलाय.”

“उरलाय तर घरी घेऊन जा. हातात धरून ने, सगळ्यांसमोरून. तिथं लावायचा नाही.”

“उद्या कुणी कपाट हलवलं तर म्हणतील, रंगारी आळशी होता.”

“म्हणू देत.”

तो खांदे उडवून ब्रश धुवायला गेला. लेकाला हाक मारण्याआधी मी भिंतीजवळ गेले. कालचा पट्टा डोळ्यांना सापडत नव्हता, म्हणून तळहात फिरवून बघितला. मधोमध एका जागी हात कोरडा, गुळगुळीत सरकला, तो दुकानातला. त्याच्या बाहेर सगळीकडे भिंत हाताला धरत होती, भुकटी सोडत होती. कुठे दुकानाचं संपतं आणि कुठे यांचं सुरू होतं, ते हाताला बरोबर कळत होतं.

लेकानं आणि रंगाऱ्यानं कपाट परत जागेवर ढकललं. मी आत कपडे लावायला घेतले एका हातानं.

सून चहा घेऊन आली. कप पुढे करताना तिची नजर माझ्या हातावर गेली. “आई, आधी हात धुऊन या ना. घाण लागलीय बघा तळव्याला.”

“असू दे,” मी म्हटलं, आणि दुसऱ्या हातानं कप घेतला.