साथीची जागा

“म्हंजे तू गाणार न्हाईस? दुसऱ्याच्या बाजूला पेटी वाजवत बसणार?” आकाराम पाटलांनी जेवणाचं ताट पुढं सारलं.

“गाणं सोडलं न्हाय, आबा. फकस्त फुडं बसून गाणार न्हाय,” ऐश्वर्या म्हणाली.

संगीतात एम.ए. झालेल्या ऐश्वर्याला पुण्याच्या एका वाद्यवृंदानं मुख्य गायिका म्हणून बोलावलं होतं. नकार कळवून तिनं कोल्हापुरातल्याच एका गायन वर्गात साथीची नोकरी धरली होती. उचगावच्या भजनात एके काळी आकारामांचा आवाज गाजायचा. फौंड्रीतल्या कामाच्या धुरानं तो बसला, तेव्हापासून लेकीच्या गळ्यात ते आपलाच आवाज ऐकत आले होते.

“भ्या वाटतंय व्हय?”

“लोक बघाय लागले की मला माझाच सूर ऐकू येत न्हाय, आबा. दुसरं कोण गात असलं की समदं ऐकू येतंय.”

“मग गळा घासला कशाला एवढी वर्सं?”

त्या दिवसापासून आकाराम तिच्याशी कामापुरतंच बोलू लागले.

वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमाला ते आले, तेही बायकोनं हट्ट धरला म्हणून. मंचावर मधोमध वर्गातली विद्यार्थिनी स्नेहल गायला बसली होती. डाव्या अंगाला, जरा मागं, पेटीवर ऐश्वर्या. निवेदकानं तिचं नाव घाईत उरकलं.

गाणं रंगात आलं. स्नेहल वरच्या षड्जावर गेली आणि तिचा श्वास तोकडा पडला. सूर निसटला. ऐश्वर्यानं मान न वळवता पेटीचा भाता दाबला आणि तोच सूर भरून धरला. स्नेहल परतून त्यावर अलगद टेकली. सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

बाहेर गाड्यांपाशी आकाराम उभे होते.

“पोरीचा सूर सुटलता. तू धरलास.”

“व्हय.”

“कुणालाच कळलं न्हाय की गं.”

“कळू नये म्हणूनच धरायचा असतोय, आबा.”

आकाराम बसक्या आवाजात म्हणाले, “मला एकट्यालाच कळलं. त्येचंच लई वाईट वाटतंय बघ.”

ऐश्वर्यानं त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी तो झटकला नाही, धरलाही नाही.

तेवढ्यात दारातून माणसांचा लोंढा आला. मधे स्नेहलचे वडील, लेकीच्या गाण्याचं कौतुक ऐकत, सगळ्यांचे नमस्कार घेत येणारे. आकारामांनी आपली मोटारसायकल मागं ओढली आणि त्यांना वाट करून दिली.