मोरचूद टाकलेलं पाणी

नमुना पहिला. तळं. रंग हिरवा, वास कुजकट.

जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत शेवाळाच्या पेशी मोजण्यात त्यांची अठरा वर्षं गेली, म्हणून सगळे त्यांना भिंगबाई म्हणत. त्या दिवशी भिंगाखाली जे दिसलं ते विषारी जातीचं होतं. पण विष पेशीच्या पोटात असतं. पेशी अख्खी आहे तोवर ती गाळणीत अडकते. बाईंनी मोठ्या साहेबांना लेखी दिलं: हळूहळू गाळून काढा, शेवाळ मारायला मोरचूद टाकू नका, पेशी फुटेल आणि सुटलेलं विष गाळणीच्या बापालाही अडवता येणार नाही.

चार दिवसांनी साहेबांकडे पाहुणे यायचे होते. हिरवं तळं बरं दिसलं नसतं. साहेबांनी मोरचुदाची पोती ओतायला लावली.

नमुना दुसरा. तेच तळं. रंग नाही, वास नाही.

पाहुण्यांनी साहेबांची पाठ थोपटली. पाणी नळानं रुग्णालयात गेलं, तिथून डायलिसिसच्या यंत्रात, तिथून बाईंच्या धाकट्या भावाच्या रक्तात. तिसऱ्या खेपेला त्यानं विचारलं, "ताई, डोळे पिवळे दिसतायत का गं माझे?"

ताई नाही म्हणाली.

नमुना तिसरा. काढलेला नाही.

भाऊ गेला. बाईंचा कागदही फायलीतून गेला. बाईंनी डूख धरला. वर्षभर रोज साहेबांना नमस्कार केला, बाटल्या धुतल्या. शिपाई म्हणायचा, बाई फार शांत झाल्या हो. झेप घेण्याआधी मांजरही शांतच असतं.

नमुना चौथा. भावाच्या मृत्यूच्या चौकशी समितीचं टेबल. दोन पेले.

साहेब सांगत होते की मोरचुदाबद्दल त्यांना कुणी सावध केलंच नव्हतं, आणि पाण्यात विष सुटतं वगैरे त्यांना आजही खरं वाटत नाही. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. त्या लिहून घेत होत्या. त्यांच्या कोपराखाली एक बंद पाकीट होतं. हरवलेला कागद भिंगबाईंनी त्यात आठवून, शब्दन् शब्द लिहून दिला होता. साहेबांना त्याचा पत्ता नव्हता.

बाईंनी पेले पुढे सरकवले. हिरवा पेला आजच्या तळ्याचा. दुसऱ्यात तेच पाणी, साहेबांच्याच मापानं मोरचूद टाकून गाळलेलं, असं सांगितलं.

"घोटभर घ्या, साहेब. स्वच्छ आहे."

साहेबांचा घसा म्हणे बसला होता.

"मग मीच घेते," म्हणत अध्यक्षबाईंनी पेला ओठांशी नेला.

साहेबांनी त्यांचं मनगट धरलं. "नका. फुटलेल्या पेशीचं विष आहे त्यात, गाळणीच्या बापालाही अडवता येत नाही ते."

अध्यक्षबाईंनी पेला ठेवला, पाकीट फोडलं, वाचलं. एका ओळीखाली रेघ ओढली आणि कागद साहेबांकडे फिरवला.

साहेब वाचायला बरीच मिनिटं घेत होते. ओळ एवढीशीच होती.

सगळे उठल्यावर त्यांनी बाईंना दारात गाठलं. आवाज खरंच बसला होता आता. "बाई, होतं काय त्या पेल्यात?"

"तुमच्याच खोलीतल्या जारचं पाणी." बाईंनी ते त्यांच्यासमोर शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं, आणि पेला धुवायला घेतला.