सगळेच दिवे मिणमिणत होते

“इंडिकेटर वेळेवर द्यायचा असतो, जावईबापू! वळल्यावर देऊन काय उपयोग?”

हे चारचौघांत ओरडले. रस्त्याच्या कडेला सायकल आडवी पडली होती. सायकलवाली बाई मनगट पोटाशी धरून बसली होती आणि आमची लेक तिला पाणी पाजत होती. कॅरव्हॅनचं चाक फुटपाथला टेकलेलं. जावई खाली मान घालून म्हणाला, “दिला होता, बाबा. बराच आधी.”

“मग काय दिव्याने संप केला? सकाळी मी स्वतः दुरुस्त केलाय तो!”

बाई कण्हत म्हणाली, “मागचे सगळेच दिवे मिणमिणत होते. गाडी वळणार की थांबणार, मला काय कळणार?”

“उन्हात तसंच दिसतं,” हे म्हणाले. आणि मी मेलीनेही मान डोलावली.

आमचे हे वायरमन. जन्मभर लोकांच्या घरांत दिवे लावले. हाताला यश आहे, पण जिभेला हाड नाही. जावयाने जुनी कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घरच, हौसेने घेतली आणि पहिल्याच सहलीला आम्हा दोघांना आग्रहाने सोबत घेतलं. निघताना मागचा डावा दिवा लुकलुकायला लागला. जावई म्हणाला, “कोपऱ्यावर गाड्यांचा वायरिंगवाला आहे, त्याला दाखवू.” झालं! ह्यांचा पारा चढला.

“घरात वायरमन असताना दुसऱ्याच्या दारात जायचं?” असं म्हणून स्वारी आडवी होऊन कॅरव्हॅनखाली शिरली. बाहेर आले ते मिशीत हसत. दिवा लुकलुकायचा थांबला होता. तो नीट लागतोय की नाही, हे उन्हात पाहतंय कोण!

बाईला दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं. तिची मुलगी धावत आली आणि जावयाला वाट्टेल ते बोलली. हे शेजारच्याच बाकावर बसले होते, हाताची घडी घालून.

मुक्कामाला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ह्यांनी मला हळूच हाक मारली. “अगं, गाडीत बस आणि डावा इंडिकेटर लाव.”

मी लावला. मग उतरून मागे गेले. कॅरव्हॅनच्या पाठीमागचे सगळे दिवे, डावे काय नि उजवे काय, विझत आलेल्या निखाऱ्यांसारखे लुकलुकत होते. हे उकिडवे बसले होते.

“एक गंजकी वायर सांगाड्याला बोल्टने लावलेली होती,” ते म्हणाले. “मला वाटलं, घरात असतं तसं अर्थिंग. बारा व्होल्टचा शॉक कुणाला बसणार? काढून टाकली. वर टेप गुंडाळली.”

“मग?”

“अगं, गाडीत करंट त्याच वायरीने परत जातो. ती नसली की मग दुसऱ्या दिव्यांतून वाट काढतो. एकही धड लागत नाही.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “त्या बाईचा हात मी मोडला.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, “जावईबापूंना सांगा.”

“जेवणं होऊ देत.”

“अहो, घास उतरणार आहे का तुमच्या घशाखाली? आत्ता सांगा.”

जावई खुर्च्या मांडत होता. ह्यांनी सगळं सांगितलं, शब्द चाचपडत. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मला अपघाताच्या जागीच दिसली होती ती टेप, बाबा.”

“मग बोलला का नाहीत?”

“इतक्या लोकांत तुम्हाला कसं बोलायचं?”

आमच्या लेकीने बापाकडे असं पाहिलं की मीच नजर वळवली.

सकाळी जावयाने ती वायर पुन्हा जोडली, रंग खरवडून, बोल्ट घट्ट आवळून. हे जवळ उभे राहून पाने देत होते. मग आम्ही सगळे त्या बाईच्या घरी गेलो. दार तिच्या मुलीने उघडलं. आत बाई बसली होती, हात प्लास्टरात.

“ताई, चूक माझी होती,” हे उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. “आमच्या जावयांनी इंडिकेटर वेळेवर दिला होता. वायरिंग मी बिघडवलं.”

मुलगी ह्यांच्याकडे बघत राहिली. “काल मी तुमच्या जावयांना एवढं बोलले, तेव्हा तुम्ही शेजारीच बसला होतात ना?”

“हो,” हे म्हणाले. “बसलो होतो.”

तिने भिंतीजवळची खुर्ची ओढली, ओढणीने पुसली आणि जावयाला म्हणाली, “बसा तुम्ही.”

जावयाने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मानेने ‘बसा’ म्हटलं आणि स्वतः दारातच उभे राहिले.