टेबलाची एकच बाजू

"हात मागे बांधू नका, बाबा. कवायतीला उभे आहात असं वाटतं."

मुलीने टोकल्यावर हवालदारांनी हात पुढे घेतले, पण ते ठेवायचे कुठे हे त्यांना कळेना. अंगात जावयाचा शर्ट होता, खांद्याला सैल आणि पोटावर घट्ट. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला शहरात नागरिकांची समिती बसू लागली होती. नव्या आयुक्तबाईंचा नियम होता की सुनावणीला गणवेश नको, आणि तक्रारदार व पोलीस यांनी टेबलाच्या एकाच बाजूला बसायचं. यावरून ठाण्यात बरीच थट्टा झाली होती. हवालदारमामांनी अत्तर लावून जावं, असंही कुणी सुचवलं होतं.

तक्रार करणारी बाई शिवणकाम करायची. तिची विसराळू आई सकाळी घरातून निघून गेली, तेव्हा ती धावत ठाण्यात आली होती. आधी नातेवाइकांकडे बघा, संध्याकाळपर्यंत नाही मिळाल्या तर या, असं सांगून हवालदारांनी तिला परत पाठवलं. अशी माणसं बहुधा जेवणवेळेपर्यंत घरी येतात, हा त्यांचा अनुभव. म्हातारी सापडली ती दुपारी, पादचारी पुलाच्या पायऱ्यांखाली, मांडीचं हाड मोडलेल्या अवस्थेत. पुलाशी दिवसभर एक शिपाई असतो. वायरलेसवर निरोप गेला असता, तर त्याने तिला अडवलं असतं.

आता हवालदारांना ठाण्याच्या टेबलावरून उठवून कोठाराच्या पहाऱ्यावर बसवतील, अशी बोलवा होती. अख्खी नोकरी त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलण्यात घालवली होती. कुलपाशी काय बोलणार? बाईंनी तक्रार नोंदवायचा आग्रह धरला नाही, असं सांगा म्हणून सहकाऱ्यांनी पढवलं होतं. मुलीपुढे त्यांनी ते म्हणूनही दाखवलं होतं. ती शर्टाला इस्त्री करत राहिली होती.

आत अध्यक्षा, एक निवृत्त परिचारिका, बाईला म्हणाल्या की काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा. बाईने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. हवालदारांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

"ताई, घाबरू नका. आधी काय झालं तेवढंच सांगा. पुढचं पुढे बघू."

समितीतला एक वकील हसू दाबत म्हणाला, "मामा, तक्रार तुमच्याविरुद्ध आहे."

सगळे हसले, बाईसुद्धा. मग ती बोलू लागली, समितीकडे नव्हे, हवालदारांकडे बघून. आई कशी उठली, दार कसं उघडं राहिलं, ती गल्लीत कुठे कुठे पळाली. ती अडखळली तसं हवालदारांनी सवयीनं विचारलं, "आईंच्या अंगावर काय होतं?"

बाईने पदराचं टोक सोडलं.

"हे तुम्ही त्या दिवशी नाही विचारलंत."

हवालदारांना पढवलेलं उत्तर आठवत होतं. अगदी शब्दन् शब्द.

"नाही विचारलं," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं. चूक माझीच."

पुढचं सगळं झटपट झालं. लेखी ताकीद आणि थांबलेली वेतनवाढ. हरवलेल्या वृद्धांचा निरोप यापुढे लगेच द्यायचा, असा आदेश मागच्या खुर्चीवर बसून ऐकणाऱ्या आयुक्तबाईंनी तिथेच दिला. हवालदारांना ठाण्याच्या टेबलावरून हलवायचं का, असं अध्यक्षांनी बाईला विचारलं. ती म्हणाली, यांनाच राहू द्या, आता हे विसरायचे नाहीत. हवालदारांनी श्वास सोडला आणि शर्टाचं पोटावरचं बटण तुटलं.

बाहेर भाड्याच्या गाडीपाशी म्हातारी उभी होती, हाड जुळलं तरी काठी टेकून. बाई मागचं दार उघडून उशी नीट करत होती. म्हातारीचा तोल जातोय असं वाटून हवालदार पुढे झाले.

"तुम्ही कोण हो?" तिने विचारलं.

बाईने मान वळवली. हवालदारांनी बटण तुटलेला शर्ट हाताने सावरला.

"पोलीस आहे, आजी."

"मग बरं झालं," म्हातारी म्हणाली. तिने काठी त्यांच्या हातात दिली आणि दंडावर सगळा भार टाकला.